वृत्तस्वातंत्र्य आणि इंटरनेट : सेन्सॉर आता संपादकाच्या दारात येत नाही

नवी दिल्ली (विश्लेषण) : फेब्रुवारी २०२५ च्या मध्यास तामिळनाडूतील ‘विकटन’ या जुन्या वृत्तसमूहाचे संकेतस्थळ देशातील अनेक वाचकांकडे अचानक उघडेनासे झाले. त्यापूर्वी काही दिवस समूहाच्या ऑनलाइन अंकात एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेतून हातकड्या घालून परत पाठविण्यात आलेल्या भारतीय स्थलांतरितांचा त्याला संदर्भ होता, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांशेजारी भारताचे पंतप्रधान बेड्यांत बसलेले त्यात दाखविले होते. या चित्राविरुद्ध भारतीय जनता पक्षाच्या राज्य शाखेने तक्रार केली होती. संकेतस्थळ बंद झाले तेव्हा आपल्याला कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नाही, असे समूहाने जाहीर केले. औपचारिक नोटीस त्यानंतर आली. ६ मार्च २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : समूहाने ते व्यंगचित्र तूर्त काढावे आणि सरकारने संकेतस्थळ पुन्हा खुले करावे. एका चित्रासाठी संपूर्ण वृत्तसमूह सुमारे तीन आठवडे वाचकांपासून तुटलेला राहिला.

याच समूहाच्या ‘आनंद विकटन’ साप्ताहिकावर १९८७ मध्येही एका व्यंगचित्रावरून संकट आले होते. आमदार आणि मंत्री यांची खिल्ली उडविणाऱ्या मुखपृष्ठावरील चित्रामुळे तामिळनाडू विधानसभेने हक्कभंगाचा ठपका ठेवून संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. देशभरातील वृत्तपत्रांनी निषेध केला आणि काही दिवसांतच त्यांची सुटका झाली. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने ही कारवाई अवैध ठरवून त्यांना एक हजार रुपयांची प्रतीकात्मक भरपाई मंजूर केली.

दोन्ही वेळा कारण व्यंगचित्र हेच होते. बदलली ती बंदीची पद्धत. १९८७ मध्ये शिक्षा कोणी दिली, कोणाला दिली आणि कशासाठी दिली, हे दुसऱ्याच दिवशी सर्वांना ठाऊक झाले होते. २०२५ मध्ये वाचकाला दिसले ते केवळ न उघडणारे पान. इंटरनेटमुळे मजकूर प्रसिद्ध करण्यापासून कोणालाही रोखणे अवघड झाले. परंतु प्रसिद्ध झालेला मजकूर वाचकापर्यंत पोहोचू न देणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, आणि तेही फारसा गाजावाजा न होता. भारतातील वृत्तस्वातंत्र्याच्या आजच्या स्थितीचा विचार या बदलापासूनच सुरू करावा लागतो.

सेन्सॉरला पत्ता होता तेव्हा

मुद्रणयुगात सत्तेचा हात ज्या ठिकाणी पडे, ते ठिकाण ठरलेले असे. छापखाना, कागद, टपाल आणि संपादक या चार गोष्टींवर नियंत्रण आले की वृत्तपत्र आवाक्यात येई. १८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्याने ब्रिटिश सरकारने देशी भाषांतील पत्रांकडून जामीन घेण्याचा आणि छापखाना जप्त करण्याचा अधिकार मिळविला. इंग्रजी पत्रांना तो कायदा लागू नव्हता. म्हणून कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने आपले रूप बदलून ती इंग्रजी केली. ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळक यांच्यावर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले. हे खटले मुंबई उच्च न्यायालयात उघडपणे चालले, आरोपाखालील लेख तेथे वाचले गेले आणि आरोपीला स्वतःची बाजू मांडता आली. १९०८ च्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षा अन्यायाची होती, पण ती लपलेली नव्हती. म्हणूनच तिला जनतेचे उत्तर मिळू शकले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले तरी तो संपला नाही. १९५० मध्ये ‘क्रॉस रोड्स’ आणि ‘ऑर्गनायझर’ या परस्परविरोधी विचारांच्या दोन नियतकालिकांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी सरकारी निर्बंध रद्द केले. पृष्ठसंख्येनुसार वृत्तपत्राची किंमत ठरविणारा कायदा पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिल्यावर १९६१ मध्ये घटनाबाह्य ठरला. वृत्तपत्राचा प्रसार हाही अभिव्यक्तीच्या अधिकाराचाच भाग असून, प्रसारावर घाला घालणारा नियम मजकुराला हात न लावताही स्वातंत्र्याचा संकोच करतो, हे तत्त्व त्या निकालातून प्रस्थापित झाले. आज संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरील खाती बंद होत असताना हेच तत्त्व पुन्हा महत्त्वाचे ठरते. लेखकाने लिहिले आणि संकेतस्थळावर टाकले, एवढ्याने स्वातंत्र्य पूर्ण होत नाही. ते वाचकाला वाचता आले पाहिजे.

आणीबाणीत प्रसिद्धीपूर्व तपासणी लागू झाली. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेतून वाचकाला जे समजायचे ते समजले. सरकारलाही तिचे सामर्थ्य कळले, कारण अग्रलेखाच्या जागा कोऱ्या सोडू नयेत, अशी सूचना पुढे सेन्सॉरच्या मार्गदर्शक तत्त्वांत आली. त्या काळातही ‘फ्रीडम फर्स्ट’चे संपादक मिनू मसानी सेन्सॉरच्या आदेशांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्यांना न्यायालयात जाता आले, याचे एक साधे कारण असे की कोणत्या मजकुरावर, कोणत्या अधिकाऱ्याने, केव्हा काट मारली, हे त्यांच्यासमोर लेखी होते.

मुक्ततेचे पहिले पर्व

इंटरनेट आले तेव्हा या साऱ्या साखळ्या तुटल्यासारखे वाटले. छापखाना नको, कागदाचा कोटा नको, टपालाची वाट पाहणे नको. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला पूर्वी महाराष्ट्रातील वृत्तपत्र शिळे होऊन मिळत असे. आता ते मुंबई-पुण्याच्या वाचकाबरोबरच मिळू लागले. तालुक्याच्या गावातील वार्ताहर स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवू लागला. मोठ्या भांडवलावाचून चालणाऱ्या वृत्तसंकेतस्थळांनी शोधपत्रकारितेचे काम हाती घेतले.

पण कायदाही मागे राहिला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये अमलात आला आणि त्यातील २००८ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाची कलमे जोडली : ६६-अ आणि ६९-अ. पहिल्या कलमाने ‘त्रासदायक’ किंवा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरविला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत नोंदविल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि या कलमाची व्याप्ती सर्वसामान्य माणसाच्या लक्षात आली. २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ रद्द केले. त्या विजयाचा आनंद सर्वत्र साजरा झाला. मात्र त्याच निकालात ६९-अ कायम राहिले, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

बंद पाकिटातील आदेश

कलम ६९-अ अन्वये देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार ऑनलाइन मजकूर जनतेला दिसू नये, असा आदेश देऊ शकते. आदेश जातो तो मध्यस्थाला, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या किंवा समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपनीला. तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २००९ च्या नियमांत यासाठी कार्यपद्धती आहे : विविध मंत्रालयांच्या प्रतिनिधींची समिती, नोटीस, सुनावणी, आणि तातडीच्या प्रसंगी आधी आदेश व ४८ तासांत समितीपुढे प्रकरण. कागदावर हे सुरक्षाउपाय पुरेसे दिसतात, आणि त्यांच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे कलम वैध ठरविले. आदेश सकारण व लेखी असणार, त्यामुळे बाधित व्यक्तीला उच्च न्यायालयात दाद मागता येईल, असा त्यामागील विचार होता.

अडचण नियम १६ मध्ये आहे. तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळली जाईल, असे हा नियम सांगतो. शिवाय नोटीस ‘व्यक्ती किंवा मध्यस्थ’ यांना द्यावी, अशी नियमांतील भाषा असल्याने ती केवळ कंपनीला देऊन भागते. मजकूर ज्याचा आहे त्या पत्रकाराला आदेश मिळत नाही. आदेश नसेल तर आव्हान कशाला द्यायचे, हा प्रश्न उरतो. न्यायालयाने ज्या दारावर विसंबून कलम वैध ठरविले, त्या दाराची किल्ली प्रत्यक्षात बाधिताच्या हाती पडत नाही. ‘४ पीएम’ या हिंदी वृत्तवाहिनीचे यूट्यूब चॅनेल २०२५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून बंद झाले, तेव्हा संपादकाने आदेशाची प्रत आपल्याला मिळाली नसल्याची तक्रार घेऊनच सर्वोच्च न्यायालय गाठले. पुढे बंदी मागे घेण्यात आली. चॅनेल सुरू झाले खरे, पण मूळ आदेश योग्य होता की अयोग्य, याचा निवाडा मागे पडला.

या अधिकाराचा वापर किती वाढला, हे सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्यांवरून दिसते. २०१४ मध्ये या कलमाखाली ४७१ दुवे बंद करण्यात आले होते; २०२० मध्ये ही संख्या ९,८४९ झाली. यांतील बहुतांश मजकूर वृत्तपत्रीय नसेल आणि त्यातील बराचसा खरोखरच घातक असेल, हे शक्य आहे. परंतु आदेश गोपनीय असल्याने त्यात अतिरेकी प्रचार किती, फसवणुकीची पाने किती आणि पत्रकाराचे वार्तांकन किती, हे नागरिकाला तपासता येत नाही.

दुसरा रस्ता : ‘सहयोग’

अलीकडे ६९-अ ला समांतर असा एक मार्ग रुळला आहे. कलम ७९ अन्वये मध्यस्थ कंपन्यांना वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दलच्या उत्तरदायित्वातून संरक्षण मिळते. मात्र सरकारने बेकायदा मजकूर निदर्शनास आणूनही तो काढला नाही, तर ते संरक्षण जाते. या तरतुदीखाली सूचना पाठविण्यासाठी गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ हे पोर्टल उभारले. केंद्र व राज्यांच्या यंत्रणा त्यावरून कंपन्यांना थेट सूचना देऊ शकतात. ६९-अ मधील समिती आणि पुनर्विलोकन यांची चौकट येथे नाही, हा ‘एक्स’ कंपनीचा मुख्य आक्षेप होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी तो फेटाळला. समाजमाध्यमांना नियमनाविना सोडता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. कंपनीने अपील करण्याचे जाहीर केले. याच न्यायालयाने जून २०२३ मध्ये, ही कंपनी ट्विटर म्हणून ओळखली जात असताना, ६९-अ खालील आदेशांविरुद्धची तिची याचिका फेटाळून ५० लाख रुपयांचा दंडही केला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त करून अशा सूचना देण्याचा अधिकार सहसचिव किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरता, आणि पोलीस यंत्रणेत उपमहानिरीक्षक दर्जापुरता मर्यादित केला. सूचनेत कारण व कायदेशीर आधार नमूद करणेही बंधनकारक केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ज्याचा मजकूर काढला जातो त्याला ऐकून घेण्याचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

येथे हितसंबंधांचाही विचार करावा लागतो. छापील पत्राचा संपादक आपल्या अग्रलेखासाठी तुरुंगात जाण्यास तयार होई, कारण तो मजकूर त्याचा होता. मध्यस्थ कंपनीला एखाद्या जिल्हा वार्ताहराच्या चित्रफितीबद्दल अशी आस्था असण्याचे कारण नाही. मजकूर काढला तर तिचे काही बिघडत नाही. ठेवला तर कायदेशीर संरक्षण जाण्याचा धोका असतो. व्यापारी हिशेबात उत्तर आधीच ठरलेले असते. त्यामुळे आज वृत्तस्वातंत्र्याच्या रक्षणाचा पहिला निर्णय ज्याच्या हाती आहे, त्यालाच त्या रक्षणात फारसे स्वारस्य नाही.

सत्य कोणी ठरवायचे?

या घडामोडींत मुंबई उच्च न्यायालयाने दोनदा महत्त्वाची भूमिका बजावली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल वृत्तमाध्यमांसाठी आचारसंहिता आणि तिच्या शिखरावर सरकारी देखरेख आणली. ‘द लीफलेट’ हे संकेतस्थळ आणि ज्येष्ठ मराठी पत्रकार निखिल वागळे यांनी त्यांना आव्हान दिले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने आचारसंहितेच्या सक्तीशी संबंधित तरतुदींना स्थगिती दिली.

एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती ऑनलाइन माहिती ‘खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी’ आहे, हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्य-पडताळणी कक्षाला देऊ केला. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांच्या याचिकांवर ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते विभागली गेली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती रद्द झाली. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी याचा अंतिम निवाडा करावा, हे निष्पक्षतेच्या प्राथमिक कल्पनेशी जुळत नाही.

जेव्हा सारेच बंद होते

एखादे पान बंद करणे एक आणि प्रदेशाचे इंटरनेट बंद करणे दुसरे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील दळणवळण बंद झाले, तेव्हा ‘कश्मीर टाइम्स’ची श्रीनगर आवृत्ती निघू शकली नाही. श्रीनगरचे पत्रकार सरकारी माध्यम केंद्रातील मोजक्या संगणकांपुढे रांगेत उभे राहून बातम्या पाठवीत. या पत्राच्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला घटनेचे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. तरीही काश्मीरमध्ये फोर-जी सेवा फेब्रुवारी २०२१ मध्येच पूर्ववत झाली. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून मोबाइल इंटरनेट अनेक महिने बंद राहिले. अफवा थांबविण्यासाठी केलेल्या अशा बंदीत अफवेचे खंडन करणारी बातमीही थांबते, हा त्यातील मोठा विरोधाभास आहे.

सरकारची बाजू

सरकारची चिंता निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाइल संदेश व समाजमाध्यमांवरील अफवांमुळे ईशान्येकडील हजारो नागरिकांनी भयभीत होऊन बंगळुरू, पुणे यांसारखी शहरे सोडली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भटक्यांचा जीव घेतला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनविलेल्या खोट्या चित्रफितींनी आता या धोक्यात भर घातली आहे. युद्धसदृश परिस्थितीत शत्रूच्या प्रचाराला आळा घालणे कोणत्याही सरकारला आवश्यकच असते.

प्रश्न अधिकाराच्या अस्तित्वाचा नसून त्याच्या वापराच्या रीतीचा आहे. तातडीचा आदेश गुप्तपणे देणे काही प्रसंगी समजू शकते. धोका टळल्यानंतरही तो गुप्तच ठेवणे समजू शकत नाही. २०१२ च्या अफवांच्या काळातही बंद केलेल्या तीनशेहून अधिक दुव्यांत पत्रकारांचा मजकूर आणि अफवांचे खंडन करणारी पाने सापडली होती. गोपनीयतेने चूक टळत नाही. ती दुरुस्त होण्याची शक्यता तेवढी कमी होते.

पुढचा मार्ग

यावर उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मजकुराचा कर्ता ज्ञात असेल तर त्याला नोटीस मिळावी. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही अशी व्यक्ती ओळखता येत असल्यास तिला नोटीस द्यायला हवी, असे प्रथमदर्शनी मत नोंदविले आहे. तातडीचे प्रसंग वगळता आदेश आणि त्याची कारणे प्रसिद्ध व्हावीत. इंटरनेट बंदीच्या आदेशांना जो नियम २०२० मध्ये लागू झाला, तो एका संकेतस्थळाच्या बंदीला लागू न होण्यास सबळ कारण नाही. एका पानासाठी संपूर्ण संकेतस्थळ बंद करू नये. आणि आदेशांचे पुनर्विलोकन करणाऱ्या समितीत केवळ शासनाचे अधिकारी न राहता न्यायिक अनुभव असलेली व्यक्तीही असावी.

वृत्तमाध्यमांकडेही काही जबाबदारी येते. सारा वाचक परक्या कंपनीच्या व्यासपीठावर गोळा करणे सोयीचे असले, तरी एका आदेशाने तो सारा निसटू शकतो. स्वतःचे संकेतस्थळ, ईमेलद्वारे पाठविला जाणारा अंक, जुन्या मजकुराचा सुरक्षित संग्रह आणि शक्य तेथे छापील आवृत्ती यांचे मोल त्यामुळे वाढले आहे. ज्या मजकुराबाबत आदेश आला आणि तो काढावा लागला, त्याच्या जागी तसे स्पष्ट नमूद करण्याची प्रथाही सर्वांनी पाळली पाहिजे.

१९७५ च्या वाचकाला कोरी जागा पाहून निदान काहीतरी काढले गेले आहे, एवढे तरी कळत होते. मोबाइलवर बातम्या वाचणाऱ्या आजच्या वाचकाला तेवढेही कळत नाही. न दिसणाऱ्या बातमीच्या जागी लगेच दुसरी बातमी येते. आपल्याला काय वाचू दिले गेले नाही आणि का, हे नागरिकाला कळणे, ही वृत्तस्वातंत्र्याची किमान अट आहे. ती पूर्ण झाली, तर बंदी योग्य की अयोग्य याचा वाद न्यायालयात आणि लोकांत होऊ शकेल. ती पूर्ण होत नाही तोवर इंटरनेटने वाढविलेल्या आवाजांची संख्या कितीही मोठी असली, तरी त्यांतील कोणता आवाज केव्हा थांबला, याची नोंद कोठेही राहणार नाही.